पोटाचे सामान्य विकार : ओळखावे कसे आणि रुग्णालय कधी गाठावे

भेडाघाट (जबलपूर) : संगमरवरी कड्यांमधून वाहणारी नर्मदा, धुवांधार धबधबा आणि कलचुरीकालीन चौसष्ट योगिनी मंदिर यांमुळे भेडाघाटला वर्षभर पर्यटकांची वर्दळ असते. कार्तिकी एकादशीनंतर त्यात नर्मदा परिक्रमावासींची भर पडते आणि या पदयात्रींमध्ये मराठी भाषकांची संख्या लक्षणीय असते. पाणी बदलते, जेवणाच्या वेळा बदलतात, भात-भाकरीच्या जागी आश्रमातील टिक्कड आणि डाळ येते. अशा वेळी पोट बिघडणे ही यात्रेकरूंची सर्वांत सामान्य तक्रार असते.

अशा बहुतेक तक्रारी दोन-तीन दिवसांत आपोआप बऱ्या होतात. मात्र ‘पोट दुखते’, ‘गॅस झाला’, ‘पित्त झाले’ याच शब्दांआड कधी आंत्रपुच्छाचा दाह, रक्तस्राव होणारा व्रण, कावीळ किंवा हृदयविकाराचा झटकाही दडलेला असतो. भेडाघाटपासून जबलपूरमधील मोठी रुग्णालये सुमारे २० किलोमीटरवर आहेत. परिक्रमेच्या वाटेवरील अनेक गावांतून हे अंतर याहून कितीतरी अधिक असते. त्यामुळे कोणता त्रास सोसता येण्याजोगा आणि कोणता तातडीचा, याची किमान जाण प्रत्येकाला असणे आवश्यक ठरते. ही माहिती घरी राहणाऱ्यांनाही तितकीच उपयोगाची आहे.

पचनसंस्थेचे काम

तोंडापासून गुदद्वारापर्यंतचा अन्नमार्ग आणि त्याला साहाय्य करणारे यकृत, पित्ताशय व स्वादुपिंड यांची मिळून पचनसंस्था बनते. प्रौढ व्यक्तीच्या आतड्यांत दररोज सुमारे ९ लिटर द्रव येतो. त्यातील जेमतेम २ लिटर आपण खाल्ल्या-प्यायलेल्या पदार्थांतून येतो. उर्वरित द्रव म्हणजे लाळ, जठररस, पित्त आणि आतड्यांतील स्राव. निरोगी शरीर हा जवळजवळ सर्व द्रव पुन्हा शोषून घेते आणि मलावाटे केवळ १०० ते २०० मिलिलिटर पाणी बाहेर पडते. शोषणाचे हे काम बिघडले की काही तासांत शरीर कोरडे पडू शकते. जुलाब जिवावर बेततात ते प्रामुख्याने यामुळे.

तक्रारीचे नेमके वर्णन

पोटाच्या विकारात निदानाची निम्मी वाट रुग्णाच्या सांगण्यातूनच सापडते. त्या दृष्टीने मराठीतील रूढ शब्द बरेच नेमके आहेत. ‘जळजळ’ म्हणजे छातीच्या मधोमध किंवा पोटाच्या वरच्या भागात होणारी आग. ‘कळ’ म्हणजे लाटेसारखी येऊन ओसरणारी वेदना. ‘मुरडा’ म्हणजे शौचापूर्वी पिळवटणारे दुखणे. ‘आव’ म्हणजे शौचातून पडणारा चिकट श्लेष्मा. जबलपूरच्या डॉक्टरांसमोर ‘मरोड’ आणि ‘आँव’ हे हिंदी शब्द हाच अर्थ पोहोचवतात.

याउलट ‘पित्त’ या शब्दाने घोटाळा होतो. मराठीत आंबट ढेकर आणि जळजळ यांना पित्त म्हणतात, अंगावर उठणाऱ्या खाजऱ्या गांधींनाही पित्तच म्हणतात आणि उलटी होऊन थांबणारी अर्धशिशीही ‘पित्ताचा त्रास’ या नावाखाली जाते. वैद्यकीय अर्थाने पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा, पित्ताशयात साठणारा पाचक स्राव. जळजळीचा संबंध बहुतांशी जठरातील आम्लाशी असतो, या पित्ताशी नव्हे. म्हणून डॉक्टरांना केवळ ‘पित्त झाले’ असे न सांगता प्रत्यक्ष काय होते ते सांगावे.

पुढील पाच प्रश्नांची उत्तरे तयार ठेवल्यास निदान सोपे होते : दुखणे पोटाच्या कोणत्या भागात आहे आणि ते कोठे सरकते, केव्हा सुरू झाले, जेवणाने वाढते की कमी होते, शौच आणि लघवीचा रंग व स्वरूप बदलले आहे का, ताप, उलटी, वजन घटणे किंवा रक्त पडणे यांपैकी काही सोबत आहे का.

जुलाब, हगवण आणि पटकी

दिवसातून तीन किंवा अधिक वेळा पातळ शौचास होणे म्हणजे अतिसार, अशी जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या आहे. त्याचे तीन प्रकार ओळखता आले पाहिजेत. केवळ पाण्यासारखे जुलाब बहुधा विषाणूंमुळे किंवा जिवाणूंच्या विषामुळे होतात. जुलाबात रक्त असेल, सोबत ताप व मुरडा असेल, तर ती रक्ती हगवण असून तिला डॉक्टरांचा सल्ला आवश्यक असतो. तिसरा प्रकार १४ दिवसांहून अधिक चालणाऱ्या अतिसाराचा. त्यामागे जिआर्डियासारखे परजीवी, अन्न न शोषले जाण्याचे विकार किंवा आतड्यांचा दीर्घकालीन दाह असू शकतो.

तांदळाच्या धुवणासारखे, वेदनारहित आणि भरमसाट जुलाब हे पटकीचे, म्हणजे कॉलराचे लक्षण आहे. त्यात काही तासांतच रुग्ण अत्यवस्थ होऊ शकतो.

शरीरातील पाणी कमी झाल्याची लक्षणे घरीही ओळखता येतात. तोंड कोरडे पडते, डोळे खोल जातात, लघवी कमी व गडद होते. पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडली असता ती सावकाश पूर्ववत होते. मूल मलूल पडले, रडताना अश्रू येत नसले किंवा त्याला पाणीही पिववत नसेल, तर वेळ न दवडता रुग्णालय गाठावे. लहान मुले आणि वृद्ध यांच्यात ही अवस्था लवकर येते.

जुलाब थांबल्यावर काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी पायांत मुंग्या येऊन अशक्तपणा वर चढू लागल्यास तेही तातडीचे लक्षण समजावे. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बारी सिंड्रोमचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा अतिसार घडवणारा जिवाणू सापडला होता.

मीठ-साखर-पाण्याचा उपाय

अतिसारावरील सर्वांत परिणामकारक उपचार स्वस्त आहे आणि त्याच्या इतिहासात भारताचा वाटा मोठा आहे. पटकीचा जिवाणू विष सोडतो व त्यामुळे आतड्यांतून पाणी झिरपते, हे कोलकात्याचे शास्त्रज्ञ शंभूनाथ डे यांनी १९५९ मध्ये दाखवून दिले. साखर आणि मीठ एकत्र दिल्यास आजारी आतडेही पाणी शोषू शकते, हे पुढील संशोधनातून स्पष्ट झाले. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तिसंग्रामाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांमध्ये पटकीची साथ पसरली आणि सलाइन अपुरे पडले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ व ग्लुकोजचे द्रावण पिण्यासाठी दिले आणि मृत्यूंचे प्रमाण मोठ्या प्रमाणात घटले. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाला.

सध्याच्या प्रमाणित ओआरएसच्या १ लिटर द्रावणात १३.५ ग्रॅम ग्लुकोज, २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असते. पाकीट मिळाले नाही, तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांखालील बालकाला ५० ते १०० मिलिलिटर, २ ते १० वर्षांच्या मुलाला १०० ते २०० मिलिलिटर आणि मोठ्यांना हवे तितके द्रावण द्यावे. उलटी झाल्यास १० मिनिटे थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू करावे. तयार द्रावण २४ तासांनंतर वापरू नये. बालकांना सोबत जस्ताच्या गोळ्याही १० ते १४ दिवस दिल्या जातात. मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्यावी. आईचे दूध आणि नेहमीचे अन्न बंद करू नये.

बाजारातील गोड पेये ओआरएसला पर्याय नाहीत. जास्त साखरेमुळे जुलाब वाढू शकतात. प्रमाणित सूत्र नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये मनाई केली. रक्त किंवा ताप असताना जुलाब थांबवणाऱ्या गोळ्या घेऊ नयेत. पाण्यासारख्या जुलाबांत प्रतिजैविकांची बहुधा गरज नसते.

यात्रेनंतर उद्भवणारे आजार : विषमज्वर आणि कावीळ

दूषित पाण्याचा परिणाम नेहमी त्याच दिवशी दिसतो असे नाही. विषमज्वर, म्हणजे टायफॉइड, साधारण १ ते ३ आठवड्यांनी प्रकटतो. ताप दिवसेंदिवस चढत जातो, डोके दुखते, भूक मंदावते, पोट दुखते. काहींना जुलाब, तर काहींना उलट बद्धकोष्ठता होते. उपचार लांबल्यास तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आतड्याला छिद्र पडण्याचा धोका असतो. निदानासाठी रक्ताचे कल्चर ही अधिक भरवशाची तपासणी आहे. केवळ विडाल चाचणीवर विसंबून राहणे योग्य नाही.

हिपॅटायटिस ए आणि ई हे विषाणूही मलदूषित पाण्यातून पसरतात आणि साधारण २ ते ८ आठवड्यांनी कावीळ होते. प्रथम अन्नावरची वासना उडते, मळमळते, थकवा येतो. त्यानंतर लघवी गडद पिवळी होते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. १९५५-५६ मध्ये दिल्लीत यमुनेच्या पाण्यात सांडपाणी मिसळल्याने सुमारे २९ हजार लोकांना कावीळ झाली होती. ती साथ हिपॅटायटिस ईची होती, हे पुढे जपून ठेवलेल्या रक्तनमुन्यांवरून समजले. हा आजार बहुतेकांना आपोआप सोडून जातो, मात्र गर्भारपणाच्या अखेरच्या तीन महिन्यांत तो प्राणघातक ठरू शकतो. गर्भवतीला कावीळ झाल्यास झाडपाल्याच्या उपायांत वेळ न घालवता तिला रुग्णालयात दाखल करावे. कावीळ झालेला रुग्ण गुंगीत जाऊ लागला, बरळू लागला किंवा त्याला रक्तस्राव होऊ लागला, तर यकृत निकामी होत असल्याची शक्यता असते.

यात्रेहून परतल्यावर महिनाभरात ताप किंवा कावीळ आल्यास डॉक्टरांना प्रवासाचा तपशील आवर्जून सांगावा.

अम्लपित्त आणि जठरव्रण

छातीत जळजळ, घशाशी आंबट येणे, जेवून लगेच आडवे झाल्यावर त्रास वाढणे ही जठरातील आम्ल अन्ननलिकेत उलटे येण्याची लक्षणे आहेत. रात्रीचे जेवण झोपेच्या दोन-तीन तास आधी घेणे, वजन आटोक्यात ठेवणे, तंबाखू व मद्य टाळणे यांनी बराच फरक पडतो.

जठर किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागात पडणारी जखम म्हणजे व्रण किंवा अल्सर. उपाशीपोटी वा मध्यरात्री दुखणे आणि खाल्ल्यावर बरे वाटणे हे लहान आतड्यातील व्रणाचे, तर जेवणानंतर दुखणे वाढणे हे जठरातील व्रणाचे लक्षण मानले जाते. अर्थात हा नियम सर्वांना लागू पडत नाही. तिखट आणि काळजी यांनीच व्रण होतो, असा समज दीर्घकाळ होता. ऑस्ट्रेलियाच्या बॅरी मार्शल व रॉबिन वॉरन यांनी हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूची भूमिका सिद्ध केली आणि २००५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. या जिवाणूवर औषधोपचार केल्यास व्रण कायमचा बरा होऊ शकतो.

व्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे वेदनाशामक गोळ्या. दररोज मैलोन्‌मैल चालणारे परिक्रमावासी गुडघेदुखीसाठी अशा गोळ्या उपाशीपोटी घेत राहिले, तर जठरातून रक्तस्राव होऊ शकतो. डांबरासारखे काळे, चिकट व दुर्गंधीयुक्त शौच हे त्याचे लक्षण आहे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळे होते, हे मात्र ध्यानात ठेवावे.

‘गॅस’ की हृदयविकार

हृदयविकाराच्या झटक्यातील वेदना काही वेळा छातीऐवजी पोटाच्या वरच्या भागात जाणवते. मधुमेही, स्त्रिया आणि वृद्ध यांच्यात तर केवळ मळमळ, घाम आणि अस्वस्थपणा एवढेच दिसू शकते. घाटाच्या पायऱ्या चढताना दुखू लागते आणि थांबल्यावर कमी होते, दुखणे जबडा, खांदा वा हाताकडे जाते, दम लागतो, दरदरून घाम येतो, अशा वेळी सोडा, ओवा किंवा आम्लनाशक घेऊन वाट पाहणे धोक्याचे आहे. तातडीने ईसीजी काढून घ्यावा.

शस्त्रक्रियेची गरज भासणारी पोटदुखी

बेंबीभोवती सुरू होऊन काही तासांत उजव्या बाजूला खाली सरकणारे दुखणे, भूक मरणे, उलटी आणि हलका ताप हा क्रम आंत्रपुच्छाच्या दाहाचा, म्हणजे ॲपेंडिसायटिसचा आहे. चालताना किंवा खोकताना दुखणे वाढते. अशा वेळी रेचक घेऊ नये. आंत्रपुच्छ फुटून संसर्ग पोटभर पसरू शकतो.

तेलकट जेवणानंतर पोटाच्या वर उजवीकडे उठणारी आणि पाठीकडे किंवा उजव्या खांद्याकडे जाणारी कळ पित्ताशयातील खड्यांची असू शकते. तिच्यासोबत थंडी वाजून ताप आणि कावीळ आल्यास पित्तनलिकेत संसर्ग झालेला असतो. पोटाच्या वरच्या भागातून थेट पाठीत आरपार जाणारी, पुढे वाकल्यावर थोडी कमी होणारी तीव्र वेदना स्वादुपिंडाच्या दाहात आढळते. पित्तखडे आणि मद्यपान ही त्याची प्रमुख कारणे आहेत. पोट फुगणे, सतत उलट्या आणि शौच तसेच वायू दोन्ही बंद होणे ही आतड्यात अडथळा आल्याची खूण आहे.

मध्य भारतात आणखी एका आजाराचा विचार करावा लागतो. महाकोशल, छत्तीसगड आणि विदर्भातील आदिवासी व अन्य काही समाजांत सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. त्यात पोटदुखीचे तीव्र झटके येतात आणि तरुण वयातच पित्तखडे होतात. शरीरातील पाणी कमी झाल्यास झटका येण्याचा धोका वाढतो. जबलपूर येथे १९८४ मध्ये स्थापन झालेली भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची आदिवासी आरोग्य संशोधन संस्था या विकारावर काम करते. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ झाला. वारंवार पोट दुखणाऱ्या आणि रक्त कमी असलेल्या मुलांची ही रक्ततपासणी एकदा तरी व्हावी.

बद्धकोष्ठता, आतड्याची संवेदनशीलता आणि मूळव्याध

आठवड्यातून तीनपेक्षा कमी वेळा किंवा कुंथून, खड्यांसारखे कठीण शौचास होणे म्हणजे बद्धकोष्ठता. पाणी, तंतुमय आहार, हालचाल आणि शौचाची भावना न दाबणे हे पहिले उपाय आहेत. प्रवासात स्वच्छतागृहाअभावी वेग रोखून धरल्याने ती वाढते.

आठवड्यातून किमान एक दिवस याप्रमाणे तीन महिने पोट दुखणे, शौचाशी त्याचा संबंध असणे आणि शौचाची संख्या वा स्वरूप बदलणे या लक्षणांवरून ‘आयबीएस’ या विकाराचे निदान होते. आतड्याची रचना त्यात बिघडलेली नसते, मात्र रुग्णाचा त्रास खरा असतो. रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, वजन घटणे किंवा रक्त पडणे आयबीएसमध्ये बसत नाही. तेव्हा दुसरे कारण शोधावे लागते.

शौचाच्या वेळी वेदनेविना लालभडक रक्त पडणे हे मूळव्याधीचे, तर चिरल्यासारखी तीव्र वेदना हे फिशरचे लक्षण आहे. मात्र रक्त दिसले की मूळव्याधच, असे गृहीत धरून वर्षानुवर्षे मलम लावत राहिल्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचे निदान लांबते. विशेषतः पंचेचाळिशीनंतर शौचाच्या सवयीत झालेला बदल, वजन घटणे आणि रक्तक्षय यांची तपासणी करून घ्यावी.

दूध आणि गव्हाचे वावडे

दूध प्यायल्यावर पोट गच्च होणे, गुरगुरणे आणि जुलाब होणे हे दुधातील साखर न पचल्याचे चिन्ह आहे. अशांना दही व ताक बहुधा सोसते. सीलिॲक हा आजार याहून वेगळा आहे. त्यात गव्हातील ग्लुटेनमुळे लहान आतड्याचे अस्तर झिजते. सततचे जुलाब, मुलाची खुंटलेली वाढ आणि औषधांनी न भरून येणारा रक्तक्षय ही त्याची लक्षणे आहेत. रक्ततपासणी होईपर्यंत गहू स्वतःहून बंद करू नये, अन्यथा निदान चुकते. निदान झाल्यावर ज्वारी, बाजरी, नाचणी आणि तांदूळ हे सुरक्षित पर्याय ठरतात.

ही लक्षणे दिसल्यास थांबू नये

- रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी. डांबरासारखे काळे शौच
- अचानक उठलेली असह्य वेदना, पोट लाकडासारखे कडक होणे
- शौच व वायू दोन्ही बंद होऊन पोट फुगणे, सतत उलट्या
- पोटदुखीसोबत थंडी-ताप किंवा कावीळ
- गिळताना अन्न अडकणे. कारणाविना वजन घटणे
- सहा-आठ तास लघवी न होणे, चक्कर, गुंगी
- वरच्या पोटातील दुखण्यासोबत घाम आणि धाप
- गर्भवती, तान्हे बाळ किंवा वृद्ध यांना होणारी तीव्र पोटदुखी

मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत तातडीच्या रुग्णवाहिकेसाठी १०८ हा क्रमांक आहे.

प्रतिबंध

भेडाघाट हे जबलपूर शहर, ग्वारीघाट आणि तिलवाराघाट यांच्या खालच्या प्रवाहात आहे. वेगाने वाहणारे आणि नितळ दिसणारे पाणी जंतुमुक्त असतेच असे नाही. संगमरवरावरून वाहिल्यानेही ते शुद्ध होत नाही. श्रद्धेने आचमन करणाऱ्यांनीही पिण्यासाठी उकळलेले किंवा क्लोरीनच्या गोळीने शुद्ध केलेले पाणी वापरावे. पाण्याला खळखळून उकळी फुटल्यावर ते किमान एक मिनिट उकळू द्यावे. गरम व ताजे अन्न, सोलून खायची फळे आणि जेवणापूर्वी व शौचानंतर साबणाने हात धुणे यांनी बहुतेक संसर्ग टळतात. बालकांना ६, १० आणि १४ आठवड्यांच्या वयात रोटाव्हायरसची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमातून मोफत मिळते. विषमज्वर आणि हिपॅटायटिस ए यांवरील लसींबाबत प्रवासापूर्वी डॉक्टरांशी बोलावे.

लांबच्या यात्रेला निघताना झोळीत ओआरएसची चार-सहा पाकिटे, आपल्या नेहमीच्या औषधांची यादी आणि नातेवाइकांचा दूरध्वनी क्रमांक असावा. मधुमेह, हृदयविकार वा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी जुलाब झाल्यास कोणती औषधे थांबवायची आणि कोणती चालू ठेवायची, हे निघण्यापूर्वीच विचारून घ्यावे. या लेखातील माहिती लक्षणे ओळखण्यासाठी आहे. निदान व उपचार डॉक्टरांच्या तपासणीनंतरच ठरवावेत.